यंत्राचा कान

(एका स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

1966 साली अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या जोसेफ वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञाने एक छोटासा प्रोग्रॅम जगापुढे मांडला. त्याच्याशी टाइप करून गप्पा मारता येत. समोरच्याने काही लिहिलं की त्यातलेच शब्द उलटसुलट फिरवून तो पुढचा प्रश्न विचारायचा. मानसोपचारतज्ज्ञ पेशंटला बोलतं करतात तसा. त्याचं नाव एलायझा. बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातल्या फुलं विकणाऱ्या मुलीवरून ते ठेवलेलं होतं. तिला जसं हळूहळू ‘सुधारून’ बोलायला शिकवता येतं, तसं या प्रोग्रॅमलाही शिकवत नेता येईल, ही त्यामागची कल्पना. मराठी प्रेक्षक या मुलीला वेगळ्या नावाने ओळखतो. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’त ती मंजुळा झाली, 1975 साली हे नाटक रंगभूमीवर आलं आणि भक्ती बर्वे यांनी मंजुळेला घराघरांत पोचवलं.

शॉचं काय किंवा पुलंचं काय, दोन्ही नाटकं उभी आहेत ती एका कानावर. माणसाने तोंड उघडलं की तो कुठला, कुठल्या थरातला, हे ओळखणारा भाषाशास्त्राचा प्राध्यापक त्यांत आहे. वायझेनबाउमच्या एलायझाला मात्र कान नव्हताच. ती फक्त अक्षरं वाचायची. पुढची कित्येक वर्षं संगणकाने भाषा शिकवण्याचे जे प्रयोग झाले, तेही बहुतेक असेच बहिरे होते. गाळलेले शब्द भरा, योग्य पर्याय निवडा, जोड्या लावा. शाळेतल्या स्वाध्यायपुस्तिकेला वीज जोडावी, एवढाच त्यांचा वकूब.

भाषा शिकण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग, हा आजचा विषय. त्यावर सध्या जो गलबला चालू आहे, त्यात यंत्र किती सफाईने बोलतं आणि लिहितं याचंच कौतुक फार होतं. शिकणाऱ्याच्या बाजूने बघायचं, तर यंत्राच्या कानाची चौकशी आधी व्हायला हवी. हा कान कुणाचं ऐकून तयार झाला, कुणाचं बोलणं त्याला धड ऐकू येत नाही आणि त्याने दिलेला निकाल कोण तपासतं, एवढ्यापुरतंच हे व्याख्यान आहे.

कानाला इतकं महत्त्व का, ते साध्या हिशोबाने कळतं. वर्गात चाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास असेल, तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटसुद्धा येत नाही. त्यात हजेरी, फळ्यावरचं लिखाण, मागच्या बाकावरची मारामारी. ज्या शिक्षकांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या पिढीने या अडचणीवर जमेल तसा तोडगा काढला: एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. चाळीस जणांच्या कोरसमध्ये न वाचणारं मूल मजेत लपून राहतं. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने 2005 पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीचं वेगळेपण इथेच आहे. पाहणी करणारा थेट घरी जातो, एकेका मुलासमोर बसतो आणि वाचायला सांगतो. 2024 च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. उरलेली मुलंही शाळेत येत होती, कोरसमध्ये सामील होत होती. त्यांचं एकट्याचं वाचन फारसं कुणी ऐकलं नव्हतं.

हे ऐकण्याचं काम यंत्राला देता येईल का, हा प्रश्न पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जॅक मॉस्टो यांनी 1990 च्या दशकातच हाती घेतला. त्यांच्या प्रकल्पाचं नावच ‘लिसन’. पडद्यावर गोष्टीतलं एक वाक्य येतं, मूल ते मोठ्याने वाचतं, संगणक ऐकतो. इथे यंत्राला एक सवलत मिळते: मूल काय म्हणणार आहे, ते त्याला आधीच ठाऊक असतं. मोकळ्या गप्पा समजून घ्यायच्या नसतात. समोरच्या वाक्यात मूल कुठवर पोचलं, कुठे अडखळलं, काय गाळलं, एवढंच पाहायचं असतं. अडलं की तो शब्द म्हणून दाखवायचा, त्याचे तुकडे पाडून दाखवायचे किंवा सगळं वाक्य पुन्हा वाचायचं. मॉस्टो यांच्या मंडळींना आपल्या यंत्राच्या कानाची मर्यादा माहीत होती. म्हणून ‘चूक!’ असं तोंडावर सांगायचं टाळून, शंका आली की नुसती मदत पुढे करायची, असं वळण त्यांनी त्याला लावलं. पस्तीस वर्षांनंतरच्या कितीतरी ॲपना हा विनय अजून जमलेला नाही.

भारतात ही कल्पना मोठ्या प्रमाणावर आली ती मार्च 2019 मध्ये, गूगलच्या ‘बोलो’ या ॲपमधून. दिया नावाची एक चित्रातली मुलगी गोष्ट ऐकते, शाबासकी देते, अडलं तर सांगते. ॲप एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, आणि खेड्यातल्या घरी हीच मोठी सोय. उत्तर प्रदेशातल्या सुमारे 200 गावांत त्याची आधी चाचणी झाली. तीन महिन्यांत 64 टक्के मुलांचं वाचन सुधारलं, असं कंपनीने सांगितलं. कंपनीने स्वतःच्या मालाबद्दल दिलेला आकडा म्हणूनच तो वाचावा. आरंभी हिंदी आणि इंग्रजी होतं, त्याच वर्षी मराठीही आली, आणि पुढच्या वर्षी ‘रीड अलाँग’ या नावाने ते देशाबाहेर गेलं.

आयआयटी मुंबईत प्रीती राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळ्या अंगाने काम केलं. त्यांची ‘तारा’ ही प्रणाली मुलाला शिकवत नाही, शिक्षकाला मदत करते. मूल हेडफोन लावून उतारा वाचतं. मिनिटाला किती शब्द बरोबर वाचले, कुठे थांबलं, आवाजात अर्थाप्रमाणे चढउतार होते की सगळं एकसुरी, याचा लेखाजोखा तयार होतो. केंद्रीय विद्यालयांनी इंग्रजी आणि हिंदी वाचनासाठी ती वापरात आणली. 2021 साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ मोहिमेत तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थ समजून वाचावेत, असं उद्दिष्ट आहे. घड्याळ लावून एकेका मुलाचं वाचन मोजायचं म्हटलं, तर शिक्षकाचे दिवसच्या दिवस जातील. यंत्राचा खरा उपयोग या कंटाळवाण्या, पण टाळता न येणाऱ्या कामात आहे.

आता त्याच्या ऐकण्यातल्या खोडी. आवाज ओळखणाऱ्या बहुतेक प्रणाली मोठ्या माणसांच्या आवाजावर शिकलेल्या असतात. लहान मुलाची स्वरनलिका आखूड, आवाज बारीक. त्यातून नवं वाचणारं मूल शब्दाच्या मधेच थांबतं, मागे जातं, पहिलं अक्षर तीनदा म्हणतं, कविता असेल तर हेल काढतं. मागे पंख्याची घरघर आणि शेजारच्या वर्गातले पाढे. हे सगळं समजण्यासारखं आहे. चमत्कारिक अडचण दुसरीच. नव्या पिढीच्या प्रणालींना भाषा इतकी चांगली येते, की त्या ऐकता ऐकता दुरुस्त्या करतात. मुलाने ‘घरात’च्या जागी ‘घरत’ वाचलं, तरी पुढचे-मागचे शब्द बघून त्या बिनदिक्कत ‘घरात’ लिहून मोकळ्या होतात. बातमीचं लिप्यंतर करताना हा गुण. वाचन तपासताना हाच दोष. मुलाची चूक जशीच्या तशी ऐकू येण्यासाठी यंत्राचं भाषेचं ज्ञान मुद्दाम लगाम घालून ठेवावं लागतं.

मोठेपणी दुसरी भाषा शिकणाऱ्यांना उच्चाराची चिंता असते. त्यासाठीच्या पद्धतीचा पाया केंब्रिजमध्ये घातला गेला. सिल्के विट आणि स्टीव्ह यंग यांनी 2000 साली छापलेल्या निबंधात उच्चाराला गुण देण्याची रीत मांडली, आणि तिचे वंशज आजही वापरात आहेत. तत्त्व सोपं आहे. शिकणाऱ्याच्या बोलण्याचे ध्वनींप्रमाणे तुकडे करायचे. मग प्रत्येक तुकडा अपेक्षित ध्वनीसारखा जास्त वाटतो, की दुसऱ्याच एखाद्या ध्वनीसारखा, याची संभाव्यता काढायची. फरक मोठा असेल तर लाल खूण. पण ‘अपेक्षित’ कुणाला? ज्यांच्या आवाजावर यंत्र शिकलं, त्यांना.

2020 साली अमेरिकेत पाच मोठ्या कंपन्यांच्या ध्वनी-ओळख प्रणालींची तुलना झाली. गोऱ्या बोलणाऱ्यांचे शंभरातले सरासरी 19 शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांचे 35. दोघेही जन्मापासून इंग्रजीच बोलणारे. मग परकी भाषा शिकणाऱ्याला मिळालेल्या लाल खुणांपैकी किती त्याच्या आणि किती यंत्राच्या, हे त्याने कसं ओळखावं?

मराठीत तर हा प्रश्न दाराशीच उभा आहे. विदर्भातलं, खानदेशातलं किंवा किनारपट्टीवरचं मूल ‘पाणी’ हा शब्द वाचताना ‘पानी’ म्हणतं. त्याने शब्द ओळखला, अर्थ त्याला कळला, पुढचं वाक्य त्याने बरोबर जोडलं. ही वाचनातली चूक धरायची का? मंजुळेच्या प्राध्यापकाने धरली असती. पण तो प्राध्यापक रंगमंचावर आहे, त्याचा तोरा आणि त्याचा गोंधळ प्रेक्षकांना दिसतो, त्याच्यावर हसता येतं. ॲपमधला प्राध्यापक दिसत नाही. तो फक्त 100 पैकी 62 देतो, आणि आठ वर्षांच्या मुलीला वाटतं की आपली आई चुकीचं बोलते.

लिपीचीही एक गाठ आहे. ‘चाक’ आणि ‘चाकू’ यांतले दोन ‘च’ मराठी माणूस वेगळे उच्चारतो. दुनियेचं ‘जग’ आणि ‘तू जग’ मधलं ‘जग’ कानाला वेगळं लागतं. लिहिताना मात्र काहीच फरक नाही. घरी हिंदी किंवा गुजराती बोलणाऱ्या, मुंबईतल्या इंग्रजी शाळेत मराठी शिकणाऱ्या मुलाला हा भेद पुस्तकातून कळायचा मार्ग नाही, तो ऐकूनच पकडावा लागतो. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाल्यापासून अशा मुलांची संख्या लहान नाही. त्यांच्यासाठी वाचून दाखवणारं यंत्र हिंदीच्या वळणावर शिकलेलं असलं, तर ‘चाका’चा ‘च’ ते आयुष्यभर ‘चाकू’चाच म्हणत राहील.

आता वाचनाकडून मोकळ्या गप्पांकडे. मार्च 2023 मध्ये भाषा शिकवणाऱ्या ड्युओलिंगो या ॲपने आपल्या महागड्या योजनेत जीपीटी-4 या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीशी संभाषण करण्याची सोय दिली, आणि गप्पा मारत भाषा शिकणं घरोघरी पोचलं. लाजाळू माणसाला याचा मोठा फायदा. यंत्र हसत नाही, दमत नाही, विसाव्यांदा तोच प्रश्न विचारला तरी कपाळाला आठ्या घालत नाही. कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास करताना मेरिल स्वेन यांनी 1985 साली दाखवलं होतं, की नुसतं वर्षानुवर्षं ऐकून मुलांना भाषा समजते, पण बिनचूक बोलता येत नाही. त्यासाठी त्यांना बोलायला भाग पाडावं लागतं. बोलायला भाग पाडणारा, दिवसाच्या कुठल्याही वेळी हजर असा जोडीदार यंत्राच्या रूपाने मिळाला, हे मान्यच करायला हवं.

पण हा जोडीदार चूक कशी दाखवतो, तेही बघावं लागतं. कॅनडातल्याच फ्रेंच वर्गांमध्ये रॉय लिस्टर आणि लेला रांटा यांनी 1997 साली शिक्षकांच्या दुरुस्त्या मोजल्या. निम्म्याहून अधिक वेळा शिक्षक मुलाचं चुकलेलं वाक्य सुधारून स्वतःच म्हणायचे आणि पुढे जायचे. मुलं ही दुरुस्ती बहुतेक वेळा ऐकून न ऐकल्यासारखी करत. शिक्षकाने थांबून ‘पुन्हा म्हण बरं’ असं मुलाकडूनच काढून घेतलं, तर मात्र मूल स्वतः सुधारायचं. गप्पिष्ट यंत्राची सवय नेमकी पहिल्या प्रकारची. ‘मी पोळी खाल्ला’ असं कुणी हिंदीभाषक म्हणाला, की ते गोड शब्दांत ‘अरे वा, तुम्ही पोळी खाल्ली!’ म्हणून भाजीची चौकशी करतं. पोळी स्त्रीलिंगी म्हणून क्रियापद बदललं, हे त्या बिचाऱ्याच्या कानावरून निघून जातं. थांबायला, अडवायला, उत्तर न देता वाट बघायला यंत्राला सांगावं लागतं. सांगितलं तर ते करतं. पण सांगायचं कुणी? ज्याला चूक कुठे झाली हेच माहीत नाही, त्याने?

तुर्कस्तानातल्या सुमारे हजार हायस्कूल विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग इथे आठवतो. तो गणिताचा होता, भाषेचा नव्हे. ज्यांना जीपीटी-4 मोकळेपणी वापरायला दिलं, त्यांची सरावातली कामगिरी 48 टक्क्यांनी सुधारली. यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा यंत्र कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा ती 17 टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न सांगता फक्त इशारे देणारं यंत्र ज्यांना मिळालं, त्यांचं असं नुकसान झालं नाही. निबंध लिहून मागणाऱ्या मुलांच्या पालकांनी हा प्रयोग जरूर वाचावा.

कुठल्या भाषांना असा जोडीदार मिळतो, याचा हिशोबही बोलका आहे. एप्रिल 2025 मध्ये ड्युओलिंगोने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने 148 नवे अभ्यासक्रम एकदम आणले. त्याआधीचे पहिले शंभर तयार व्हायला कंपनीला सुमारे बारा वर्षं लागली होती. वेग थक्क करणारा. पण भाषा कोणत्या? स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, जपानी, कोरियन आणि चिनी. त्याच सात भाषा आणखी अनेक भाषांमधून शिकण्याची सोय झाली. ‘स्टार ट्रेक’मधल्या परग्रहवासीयांची क्लिंगॉन तिथे आधीपासून शिकता येते. आठ कोटींहून अधिक लोकांची मराठी त्या नव्या यादीत नव्हती. बाजार जिथे आहे तिथे यंत्र धावतं, यात रागावण्यासारखं काही नाही. फक्त आपल्या भाषेचा कान कुणीतरी बाहेरून आयता करून देईल, या भरवशावर राहू नये.

असा कान ज्याने स्वतः तयार केला, अशा एका समाजाची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगायला हवी. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला काइताया नावाचं गाव आहे. माओरी भाषेतलं एक छोटं रेडिओ केंद्र तिथे 1990 साली सुरू झालं; आज ते ‘ते हिकू मीडिया’ म्हणून ओळखलं जातं. शाळांमध्ये माओरी बोलल्याबद्दल मार खाल्लेली पिढी, 1972 ची तीस हजारांहून जास्त सह्यांची भाषायाचिका, 1982 पासून आजी-आजोबांनी चालवलेल्या ‘कोहांगा रेओ’ या बालवाड्या आणि 1987 साली मिळालेला राजभाषेचा दर्जा, असा या भाषेचा प्रवास. रेडिओच्या कपाटांत जुन्या, अस्सल भाषकांच्या आवाजाचा ठेवा पडून होता. तो शब्दबद्ध करायचा तर ऐकणारं यंत्र हवं, आणि माओरी ऐकणारं यंत्र कुणाकडेच नव्हतं.

2018 साली पीटर-लुकस जोन्स, कियोनी माहेलोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना हाक दिली: ही वाक्यं वाचून आवाज द्या. दहा दिवसांत सुमारे 2,500 लोकांनी 300 तासांहून अधिक ध्वनिमुद्रण दिलं. त्यावर बनवलेली प्रणाली 92 टक्के अचूकतेने माओरी उतरवून घेऊ लागली. त्यातूनच पुढे उच्चार शिकवणारं ‘रोंगो’ हे ॲप आलं. माओरीत ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ पालटतो; ‘केके’ म्हणजे केक, आणि दोन्ही स्वर लांबवले तर काख. इंग्रजी वळणाच्या तोंडांना हा फरक पकडून देणारा कान अस्सल भाषकांच्या आवाजावरच तयार व्हायला हवा होता.

मग मोठ्या परदेशी कंपन्या तो आवाज मागायला आल्या, आणि ते हिकूने नकार दिला. आवाज हा पूर्वजांचा ठेवा आहे, आम्ही त्याचे राखणदार आहोत, असं त्यांचं म्हणणं. त्याचा उपयोग माओरी लोकांच्या भल्यासाठी व्हायला हवा, अशा अटींचा स्वतंत्र परवाना त्यांनी तयार केला. सप्टेंबर 2022 मध्ये ओपनएआय या अमेरिकी कंपनीने ‘व्हिस्पर’ ही आवाज ओळखणारी प्रणाली खुली केली. इंटरनेटवरून गोळा केलेल्या 6,80,000 तासांच्या आवाजावर ती शिकलेली होती, आणि त्यात माओरीचे म्हणून 1,381 तास नोंदवलेले होते. ते कुठून आले, कुणाला विचारून घेतले, असं काइतायातल्या मंडळींनी जाहीरपणे विचारलं. ज्या भाषेसाठी लोकांना शिक्षा झाली, ती भाषा आता तिच्याच लोकांना विकली जाईल, ही त्यांची भीती उगाच म्हणता येत नाही.

मराठीचं काय? परिस्थिती निराशाजनक मुळीच नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खेड्यातले कमी उत्पन्नाचे लोक, शहरी वस्तीतले लोक आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा तीन गटांकडून मराठी वाक्यं मोबाइलवर वाचून घेतली गेली. 36 जणांनी मिळून 109 तास आवाज दिला, आणि त्याचे पैसे त्यांना मिळाले. गरीब घरांतून आलेला आवाज दर्जाने विद्यार्थ्यांच्या आवाजाच्या बरोबरीचा ठरला. आयआयटी मद्रासच्या ‘एआय फॉर भारत’ने 2024 च्या ‘इंडिक व्हॉइसेस’ संग्रहात 22 भाषांमधले 16,237 भाषक आणि 7,348 तास जमवले, तेही 145 जिल्ह्यांत फिरून. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांसाठीचा प्रकल्प 2022 पासून आहे. गोंडी, भिली, संताली आणि मुंडारीसाठी ‘आदि वाणी’ हे अनुवादाचं ॲप 2025 साली चाचणीरूपात आलं. गडचिरोलीतल्या गोंडी घरातून मराठी शाळेत येणाऱ्या मुलाला त्याचा उपयोग होण्याजोगा आहे; त्याच्या शिक्षकाला तर त्याहून जास्त.

आणि पुण्यात एक खजिना आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. गावोगावी जाऊन सामान्य माणसांचं बोलणं मुद्रित केलं आणि कुठला शब्द, कुठला प्रत्यय कुठवर बोलला जातो, ते नकाशांवर मांडलं. वाचन तपासणाऱ्या यंत्राला ‘पानी’ ही चूक नव्हे, हे शिकवायचं असेल, तर सुरुवात करायला याहून चांगली जागा नाही.

तेवढ्याने काम भागणार मात्र नाही. सर्वेक्षणातले आवाज मोठ्यांच्या बोलण्याचे आहेत. इथे लहान मुलांचं वाचन हवं, आणि तेही अडखळतं, चुकतं, खरंखुरं. ते शाळेतच मिळेल. प्रत्येक मुद्रण त्या भागातल्या शिक्षकाने ऐकून दोन वेगळ्या खुणा कराव्या लागतील: शब्द ओळखला की नाही, ही एक, आणि उच्चार प्रमाण होता की बोलीतला, ही दुसरी. गुण पहिल्या खुणेला द्यावेत. दुसरी खूण शिक्षकाच्या माहितीपुरती राहावी, मुलाच्या पडद्यावर येऊ नये. या कामाचा मोबदला शिक्षकांना मिळायला हवा, कारण जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची जास्तीची ओझी त्यांच्याकडे आधीच पुरेशी आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. तेव्हा मेळघाटातल्या पालकाला संमतिपत्र त्याच्या कोरकू भाषेतून वाचून दाखवावं लागेल, आणि हा आवाज कुठे ठेवणार, कोण वापरणार, पुढे परत मागितला तर मिळेल का, या त्याच्या प्रश्नांची उत्तरं फॉर्म छापायच्या आधी ठरवावी लागतील.